दोन तारखांच्या मधलं शिक्षण

कळव्याच्या त्या बाईंनी पिशवीतून फायनान्शियल अकाउंटिंगचं जाडजूड पुस्तक काढलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि त्याचा पुठ्ठा ओढायला सुरुवात केली. बांधणी घट्ट होती. आधी कडेचं कापड चरचरलं, मग डिंकाचा वाळलेला थर सुटला आणि पानांचा गठ्ठा उघडाबोडका होऊन त्यांच्या मांडीवर पसरला. पुस्तक माझं होतं. पहिल्या पानावर माझं नाव आणि वर्ष होतं. ते पान फाटू नये म्हणून त्या फार जपत होत्या.

एका कारागृहाबाहेर, मुलाकातीच्या रांगेशेजारच्या कट्ट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. कारागृह कुठलं, याला महत्त्व नाही. नियम सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. खिडकीवरच्या शिपायाने आवाज न चढवता सांगितलं होतं, "मावशी, पुठ्ठा आत जात नाही. नुसती पानं द्या." नियमामागचं कारण मला समजतं. पुठ्ठ्याच्या पोकळीत काय काय लपवून आत नेलं जातं हे त्या खात्यातल्या माणसांना चांगलं माहीत असतं. त्या शिपायानेच नंतर पानं सुटी होऊ नयेत म्हणून टेबलावरचं एक रबरबँड काढून दिलं. त्याच्यावर माझा काही राग नाही. पण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलापर्यंत एक पाठ्यपुस्तक पोहोचवायचं, तर त्याच्या आईला कळव्याहून येऊन, दोन तास रांगेत उभं राहून ते स्वतःच्या हाताने फाडावं लागतं, हे दृश्य तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हललेलं नाही.

मी ठाण्यात एकतीस वर्षं वाणिज्य शाखेला अकाउंट्स शिकवलं. माझे निम्मे विद्यार्थी कळवा, विटावा, मुंब्रा, दिवा या भागातून यायचे. सकाळी सातच्या लेक्चरला पोहोचायचं म्हणून साडेपाचला घर सोडणारी ही मुलं. त्यांतलीच काही पोलीस ठाण्यात, कोर्टात आणि तुरुंगात जाऊन आलेली मी पाहिली. कुणी खरोखर गुन्हा केला होता. कुणी भांडणाच्या वेळी नुसता तिथे उभा होता. या बाईंच्या मुलाचं नेमकं काय होतं, हे ठरवणं माझं काम नव्हतं. ते कोर्टाचं होतं, आणि कोर्टाला ते ठरवायला दोन वर्षं दहा महिने लागले. तो निर्दोष सुटला. त्या दोन वर्षं दहा महिन्यांत त्याचे किती विषय होऊ शकले असते, याचा हिशेब मात्र कुठल्याच कोर्टात होत नाही.

माझं म्हणणं त्या हिशेबाबद्दलच आहे. तुरुंगातल्या उच्च शिक्षणाविषयी आपल्याकडे जे थोडंफार बोललं जातं आणि केलं जातं, ते पक्क्या कैद्याला डोळ्यांपुढे ठेवून. शिक्षा झालेला, आठ-दहा वर्षं एका जागी राहणार हे नक्की असलेला माणूस. आपले तुरुंग मात्र भरलेत ते कच्च्या कैद्यांनी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ म्हणजे जवळपास ७६ टक्के न्यायाधीन होती. त्यांचा खटला चालू होता किंवा सुरूही व्हायचा होता. कायद्याच्या भाषेत ती सगळी निर्दोष. एकूण कैद्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोक निरक्षर किंवा दहावीच्या आत शिकलेले. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांचं न्यायाधीन बंद्यांतलं प्रमाणही जवळपास तेवढंच. म्हणजे बाहेर असताना ज्यांच्या वाट्याला शाळा-कॉलेज सगळ्यात कमी आलं, तेच आत सगळ्यात जास्त.

ठाणे मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती आपण ठाणेकर रोज पाहतो. सेंट्रल मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना त्या भिंतींचं काही वाटत नाही, इतक्या त्या अंगवळणी पडल्यात. मुळात हा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, पुढे इंग्रज आले आणि किल्ल्याचा तुरुंग झाला. इथल्या कारागृहाची मंजूर क्षमता ११०५ आहे. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष संख्या चार हजारांच्या वर गेल्याचं आपण वाचलं आहे. तळोज्याचं कारागृह नवं, मोठं, क्षमता २१२४, पण गर्दी तिथेही आहेच. गर्दीच्या बराकीत माणूस कुशीवर वळला तर शेजाऱ्याला वळावं लागतं. तिथे अभ्यासाचं टेबल मागणं अनेकांना चैन वाटेल. आधी झोपायला जागा द्या, मग पदवीचं बोला, असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकते. पण ही गर्दी दहा वर्षांपूर्वीही होती आणि आणखी दहा वर्षांनी असेल. तेवढी वर्षं वीस-बावीसच्या मुलांना थांबायला सांगणं म्हणजे त्यांच्या शिक्षणाला कायमचा नकार देणं.

जे चालू आहे ते चांगलं आहे, हे आधी म्हटलं पाहिजे. राज्यातल्या मध्यवर्ती कारागृहांमध्ये इग्नू आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यास केंद्रं आहेत. तिहारमध्ये इग्नूचं केंद्र १९९४ मध्ये सुरू झालं, किरण बेदी तिथे महानिरीक्षक होत्या त्या काळात. इग्नूने कैद्यांची फी माफ केली. आपल्या राज्यात दहावी, बारावी, पदवी उत्तीर्ण होणाऱ्या सिद्धदोष बंद्याला शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते. दरवर्षी कुणीतरी आतून बी.ए. होतो, त्याचा फोटो छापून येतो, अधीक्षकांच्या हस्ते सत्कार होतो. मला त्या फोटोंचा खरोखर आनंद होतो.

पण या रचनेत कच्चा कैदी कुठे बसतो? शिक्षाच झालेली नाही, तर माफी कशातून देणार? त्याच्या डोक्यात रात्रंदिवस एकच गोष्ट असते, पुढची तारीख. जामीन या तारखेला होईल, पुढच्या तारखेला होईल. तीन वर्षांच्या कोर्सला नाव घालणं म्हणजे आपण तीन वर्षं इथेच राहणार हे मान्य करणं, असं त्याला वाटतं. मला आत शिकवायला जाणाऱ्या एका निवृत्त सहकाऱ्याने सांगितलं होतं की फॉर्म भरायला सांगितलं की मुलं म्हणतात, "सर, नको. मी महिन्याभरात सुटतोय." सहा महिन्यांनी तेच वाक्य. दीड वर्षाने तेच. आशा सोडवत नाही म्हणून नाव घालवत नाही, आणि नाव घातलं नाही म्हणून वर्षं जातात. या मुलांना आळशी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. पुढच्या मंगळवारी आपण कुठे असू हेच माहीत नसेल, तर तीन वर्षांचं वेळापत्रक कुणालाच आखता येत नाही.

आणि समजा एखाद्याने आखलं, तरी ते मोडायला कारणं तयार असतात. परीक्षेच्या दिवशीच पेशी लागते. परीक्षा केंद्र बाहेर असेल तर कोर्टाचा आदेश लागतो, आदेश मिळाला तर पोलीस बंदोबस्त लागतो, आणि त्या दिवशी गार्ड उपलब्ध नसला तर हॉल तिकीट हातात राहतं आणि पेपर होऊन जातो. कधी बंदोबस्ताचा खर्चही घरच्यांनीच भरायचा असतो. गर्दी कमी करायची म्हणून एका कारागृहातून दुसऱ्यात बदली होते. माणूस गाडीतून जातो, त्याच्या लिहून ठेवलेल्या असाइनमेंट जुन्या बराकीतच राहतात. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की सुटका झाली तरी शिक्षण तुटतं. केंद्र कारागृहातलं. माणूस बाहेर आला की त्या केंद्राचा विद्यार्थी राहत नाही. पुढचं केंद्र कुठलं, अर्ज कुणाकडे करायचा, हे सुटकेच्या दिवशी सांगणारं त्या दारात कुणी उभं नसतं.

कायदा या मुलाच्या विरोधात नाही, उलट बाजूचाच आहे. मराठी माणसाला अभिमान वाटावा असा एक खटला यात आहे, पण तो फार कुणाला ठाऊक नसतो. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये तिथेही हरलं. एका मराठी विज्ञानपुस्तकामुळे देशात हे ठरलं की कायद्याने जेवढं स्वातंत्र्य काढून घेतलं आहे त्यापलीकडचं काहीही तुरुंगाने आपल्या मर्जीने काढून घ्यायचं नाही. फिरण्याचं स्वातंत्र्य जातं. विचार करण्याचं आणि लिहिण्याचं जात नाही. मग शिकण्याचं तरी का जावं?

अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तळोजा कारागृहातल्या एका न्यायाधीन बंद्याला मुंबईच्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयात एलएलबीला प्रवेश घेण्याची परवानगी दिली. त्याने प्रवेश परीक्षा आत असतानाच दिली होती आणि जागाही मिळवली होती. न्यायालयाने हक्क मान्य केला. पण वकिलीच्या अभ्यासक्रमाला ७० टक्के हजेरीचा नियम आहे, आणि तळोज्याच्या बराकीत बसलेला माणूस वर्गात हजर कसा राहणार, हा प्रश्न त्या आदेशाने सुटला नाही. हक्क कोर्टाने द्यायचा आणि हजेरीपटाने काढून घ्यायचा, असं होऊ द्यायचं नसेल तर विद्यापीठांना स्वतःहून बसून नियम करावे लागतील. प्रत्येक विद्यार्थ्याने उच्च न्यायालयापर्यंत जावं ही अपेक्षा ठेवता येत नाही. वकील परवडणारे आत फार थोडे असतात.

आता विरोधाचं बोलते. माझी एक जवळची मैत्रीण आहे, माझ्याबरोबर वीस वर्षं शिकवलेली. कोपरीच्या पुलावर संध्याकाळी तिचं मंगळसूत्र ओढलं गेलं. मानेवर वळ उठला होता, आठवडाभर तिला नीट गिळता येत नव्हतं. मी हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी आम्ही कर्ज काढलं. त्याला फुकट पदवी? आणि वर तू त्याला पुस्तकं नेऊन देतेस?"

या प्रश्नाला तोंडदेखलं उत्तर देणं मला पटत नाही. तिची मान दुखत होती आणि तिचं कर्ज खरं होतं. तिच्या मुलीला परवडेल असं शिक्षण मिळायला हवं होतं आणि ते मिळालं नाही, ही तिची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. पण तो पैसा कैद्याच्या फीवर गेला म्हणून कमी पडला असं नाही. मुक्त विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च काही हजारांत असतो. त्याच माणसाला वर्षभर कोंडून ठेवण्याचा, त्याच्या जेवणाचा, पहाऱ्याचा, प्रत्येक तारखेला कोर्टात नेण्या-आणण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो, आणि तो आपण न कुरकुरता देतो. दुसरं असं की तिचं मंगळसूत्र ओढणारा मुलगा जन्मठेपेचा कैदी नसतो. तो दोन-चार वर्षांत बाहेर येणार. आणि बाहेर आल्यावर मंगळावर जाणार नाही, कोपरीच्याच पुलावरून चालणार. तो येताना काय घेऊन येतो, यात माझ्या मैत्रिणीचाच सगळ्यात जास्त संबंध आहे.

तिला हे पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. ती एवढंच म्हणाली, "शिकून तो चोरी सोडेल याची खात्री काय?"

खात्री नाही. पण आधार आहे, आणि तो जेवढा आहे तेवढाच सांगायला हवा. अमेरिकेत याचा मोठा अनुभव आहे, चांगला आणि वाईट दोन्ही. तिथे गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी केंद्र सरकारचं पेल अनुदान मिळतं. तुरुंगातले विद्यार्थीही ते घ्यायचे. १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्याने कैद्यांना ते बंद केलं. युक्तिवाद माझ्या मैत्रिणीचाच होता, प्रामाणिक घरच्या मुलांचे पैसे यांना का? प्रत्यक्षात त्या अनुदानाच्या एकूण रकमेत कैद्यांचा वाटा एक टक्काही नव्हता. त्यामुळे बाहेरच्या मुलांना काही विशेष मिळालं नाही, पण तुरुंगांतले बहुतेक कॉलेज कार्यक्रम काही वर्षांत बंद पडले. मग २०१३ मध्ये रँड या संशोधन संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासले. आत शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता लक्षणीय कमी दिसली, सोप्या हिशेबात सुमारे १३ टक्के-अंकांनी. शिक्षणावरच्या एका डॉलरमागे पुन्हा कोंडण्याच्या खर्चातले चार ते पाच डॉलर वाचतात, असा त्यांचा अंदाज होता. १ जुलै २०२३ पासून पेल अनुदान कैद्यांना पुन्हा खुलं झालं. चूक दुरुस्त करायला त्या देशाला एकोणतीस वर्षं लागली.

या आकड्यांवर एक शंका घेता येते आणि ती घ्यायलाच हवी. जो स्वतःहून वर्गात बसतो तो मुळातच बदलायला तयार असतो, मग तो परत गुन्ह्याकडे वळला नाही याचं श्रेय वर्गाला कितपत द्यायचं? पूर्ण नाही देता येणार. शिवाय अमेरिकेचा आकडा उचलून ठाण्याला चिकटवणंही बरोबर नाही. आपल्याकडे सुटलेल्या माणसाचं पुढे काय झालं याचा पाठपुरावाच नीट होत नाही. पण बदलायला तयार असलेल्या माणसाला वर्ग मिळाला नाही तर त्याच्या तयारीचं काय होतं, हे मी पाहिलं आहे. ती सहा-आठ महिने टिकते. मग तो बराकीतल्या दुसऱ्या शाळेत जातो. तिथे फी नाही, हजेरीची अट नाही, आणि शिकवणारे अनुभवी असतात.

मग करायचं काय? माझ्या मते कच्च्या कैद्यासाठी शिक्षणाचे तुकडे लहान करायला हवेत आणि प्रत्येक तुकडा त्याच्याबरोबर दाराबाहेर जायला हवा. नव्या शैक्षणिक धोरणाने यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आधीच करून ठेवलं आहे, फक्त तुरुंग कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. पदवी आता श्रेयांकांची झाली. एक वर्ष पूर्ण केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन केली तर पदवी. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. बाहेरच्या मुलांना या बँकेचा फारसा उपयोग अजून कळलेला नाही. पण जो माणूस कधी सुटेल हे माहीत नाही, त्याच्यासाठी ही व्यवस्था जणू मापून शिवली आहे. चार महिने ठाण्यात, पाच महिने तळोज्यात, मग घरी. तीन ठिकाणी तीन तुकडे, खातं एकच. महिन्याभरात सुटतोय म्हणणाऱ्या मुलालाही मग म्हणता येईल, बरं, महिन्याभराचंच शिक.

आणि इथे एक छोटी, हास्यास्पद वाटेल अशी पण खरी अडचण येते. हे खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि त्यासाठी मोबाइलवर ओटीपी येतो. कैद्याकडे मोबाइल नसतो. असता कामा नये. त्याचा नंबर बंद पडलेला असतो, किंवा तो नंबर आता दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतो. धोरण आहे, विद्यापीठ आहे, विद्यार्थी आहे, आणि सहा आकडे येणार कुठे म्हणून सगळं अडतं. कारागृहाच्या शिक्षकाला किंवा कल्याण अधिकाऱ्याला विद्यार्थ्याच्या संमतीने ही नोंदणी करून देण्याचा अधिकार एका परिपत्रकाने देता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही.

व्हीसीची खोलीही तशीच. बऱ्याच पेशी आता कारागृहातून व्हिडिओ कॉन्फरन्सने होतात. पडदा आहे, कॅमेरा आहे, जोडणी आहे. कोर्ट संध्याकाळी उठतं, आणि कोर्टाला सुट्टी असते त्या दिवशी तर ती खोली दिवसभर रिकामी. तिथे पंचवीस मुलांना बसवून बाहेरच्या प्राध्यापकाचं लेक्चर घेता येईल. ठाण्यात यासाठी माणसं शोधत फिरायची गरज नाही. चेंदणी बंदर रोडवरची महाविद्यालयं तुरुंगापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तळोज्याचं कारागृह खारघरला लागून आहे, आणि खारघर म्हणजे पावलापावलावर कॉलेज. राष्ट्रीय सेवा योजनेखाली आमची मुलं दरवर्षी तलाव साफ करतात, झाडं लावतात, ते करावंच. शेजारच्या भिंतीआड बसलेल्या विद्यार्थ्यांना मराठीत नोट्स काढून देणं हेही सेवेतच मोडेल.

पुस्तकांचं तर अधिकच सोपं आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं ज्या शहराने ग्रंथालय सांभाळलं, त्या शहराला तुरुंगासाठी एक फिरती पेटी सांभाळता येणार नाही असं मला वाटत नाही. कागदी बांधणीची, आधीच तपासलेली, शिक्का मारलेली पाठ्यपुस्तकं महिन्याला एकदा आत जावीत आणि बाहेर यावीत. एवढं झालं तरी कुणा आईला कट्ट्यावर बसून पुठ्ठा फाडावा लागणार नाही.

आणखी दोन गोष्टी घाईत सांगते, पण त्या दुय्यम नाहीत. मार्कशीटवर परीक्षा केंद्र म्हणून कारागृहाचं नाव कुठल्याही रूपात येता कामा नये, नाहीतर ती पदवी नोकरीच्या पहिल्याच टेबलावर उलटी पडते. आणि महिला बंद्यांचा वेगळा विचार हवा. देशातल्या कैद्यांत त्या चार टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे एका कारागृहात एका विषयाच्या दोन-तीनच विद्यार्थिनी निघतात आणि गट होत नाही या सबबीवर वर्गच भरत नाही. पडद्यावरच्या वर्गाला ही सबब चालणार नाही. कल्याण, ठाणे, भायखळा मिळून एक वर्ग करता येईल.

माफीबद्दलही मन मोकळं करते. पदवीला ९० दिवस माफी असावी की नसावी? असावी. माणसाने केलेल्या कष्टाची नोंद घेतलीच पाहिजे. पण शिक्षणाचं सगळं समर्थन त्या ९० दिवसांवर उभं करणं धोक्याचं आहे. तसं केलं की शिक्षण हे बक्षीस होतं, आणि बक्षीस चांगल्या वागणुकीच्या लोकांना मिळतं, रागावलं की काढूनही घेता येतं. मग ज्याच्याशी वॉर्डरचं पटत नाही त्याची पुस्तकं आधी बंद होतात. कच्च्या कैद्याला तर ते बक्षीस लागूच नाही. त्याला शिकायला मिळालं पाहिजे ते तो नागरिक आहे म्हणून, जसं त्याला औषध मिळालं पाहिजे.

आपल्या मराठी मनाला तुरुंग आणि शिक्षण यांचं नातं परकं नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. ऐकणाऱ्यांत साधे सत्याग्रही होते, शेतकरी होते. मंडालेतल्या टिळकांविषयी आपण शाळेत निबंध लिहितो. ठाण्याच्या याच तुरुंगात १८४८ मध्ये राघोजी भांगरे यांना फाशी झाली आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. आज अठरा वर्षांचा मुलगा आपण एफवायच्या वर्गात पाहतो. या सगळ्यांविषयी आपल्याला आदर आहे तो योग्यच आहे. पण त्यातून आपण एक चुकीची गोष्ट शिकलो. थोर माणूस तुरुंगात असेल तर तो वाचणार-लिहिणार हे आपण गृहीत धरतो, आणि साधा माणूस असेल तर त्याला वाचायला कशाला हवं, असं म्हणतो. धुळ्यातल्या त्या शेतकऱ्यांना विनोबांनी असं विचारलं नव्हतं.

तो मुलगा सुटल्यावर तीन आठवड्यांनी माझ्या घरी आला. चरईतल्या आमच्या जिन्यावर बराच वेळ उभा होता, बेल वाजवायची की नाही हे ठरवत. शेजारच्या काकूंनीच मला हाक मारून सांगितलं. चोवीस वर्षांचा झाला होता, बोलताना हात मागे बांधून उभा राहायचा. मी "बस रे" म्हटलं तेव्हा आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

प्लास्टिकच्या पिशवीत त्याची सगळी कागदपत्रं होती. बारावीची मार्कशीट, एफवायचे दोन निकाल, सेमिस्टर तीनचं हॉल तिकीट. अटक झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात तो पेपर होता. हॉल तिकिटावरच्या फोटोतला मुलगा गुबगुबीत होता आणि हसत होता. कॉलेजात जाऊन आला होता. तिथे त्याला सांगितलं होतं की पॅटर्न बदलला, जुने विषय नव्यात कसे धरायचे ते विद्यापीठाला विचारावं लागेल, तुम्ही अर्ज करा. अर्ज कुणाच्या नावे, याचं उत्तर मिळालं नव्हतं. आम्ही दोघांनी बसून तो लिहिला. गॅपचं कारण या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. शेवटी त्याने 'कौटुंबिक अडचण' असं लिहिलं आणि मी काही बोलले नाही.

मग त्याने पिशवीतून माझं पुस्तक काढलं. परत द्यायला आणलं होतं. पानं क्रमाने लावून, जाड दोऱ्याने शिवून, वरून त्याने जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान घातलं होतं. ते त्याच्या घरचं कॅलेंडर होतं. काही चौकोनांत आईने लाल पेनने गोल केले होते, त्याच्या तारखांचे. एकाशेजारी 'जज रजेवर' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"ठेव तुझ्याकडेच," मी म्हटलं. "तुला लागेल."

त्याने पुस्तक उघडलं, भागीदारी संस्थेच्या विसर्जनाचं प्रकरण काढलं. समासात पेन्सिलीने सोडवलेली गणितं होती, पानांच्या कडेपर्यंत, कारण आत वही वेळेवर मिळायची नाही. तीन उत्तरांवर प्रश्नचिन्ह होतं.

"मॅडम, ही तिन्ही जुळत नव्हती," तो म्हणाला. "विचारायला कुणी नव्हतं. हे प्रकरण नवीन सिलॅबसमध्ये अजून आहे का?"

मी चष्मा शोधला आणि पहिलं गणित बघायला घेतलं. त्याने वसुली खात्यात देणेकऱ्यांची रक्कम दोनदा धरली होती.